वॉटी पर्व्हिसचं नाक

पिंपांची बुचं माझ्या एप्रनमध्ये ओतून वॉटी भिंतीच्या आडोशाला सूप प्यायला बसला आणि मी एकेक बूच नाकाला लावू लागले. चांगलं असेल ते उजव्या खिशात, बिघडलेलं डाव्या. बिअरच्या ब्रुअरीचं फाटक आमच्या पाठीशीच होतं. कोणी बाहेर आलं की एप्रनवर टॉवेल टाकायचा आणि नवऱ्याला ओटची भाकरी वाढत असल्याचं सोंग करायचं, असं आमचं ठरलेलं होतं.

"हे?" चमचा तोंडातच ठेवून वॉटी विचारी.

"गोड."

"आणि हे?"

"शी. आठवडाभर भिजलेले मोजे."

"मग डावीकडे टाक. आणि तोंड वाकडं करू नकोस, लोक बघतात."

तेवढ्यात डॉड फाटकातून बाहेर आला. डॉड म्हणजे पिंपं बांधणाऱ्यांचा मुकादम, वॉटीचा शाळेपासूनचा दोस्त. माणूस सोन्यासारखा, पण जिभेला हाड नाही. मला बघून म्हणाला, काय गं बेथी, नवऱ्याला अजून भरवावं लागतं का? मी म्हटलं, तुला कोणी भरवत नाही म्हणून तुझ्या पोटात का दुखतंय? तो हसत हसत गेला. टॉवेलाखाली बुचं तशीच होती.

माझा नवरा ॲलोआ गावातल्या आमच्या ब्रुअरीत 'नाक' होता. तसंच म्हणत असत. अमका पिंपं बांधतो, तमका बॉयलर सांभाळतो आणि वॉटी पर्व्हिस नाक आहे. पार ग्लासगोच्या दारूगुत्त्यांतून रिकामी पिंपं परत यायची, ती उकळत्या पाण्यानं धुवायची आणि मग वॉटी प्रत्येकाच्या तोंडाशी वाकून एक लांब श्वास घ्यायचा. नाक सांगेल ते खरं. पिंप चांगलं असलं तर पुढे, आंबट किंवा बुरसट असलं तर डॉडकडे. डॉड त्याचं झाकण काढून ते आतून छिलायचा.

रोजच्या हलक्या बिअरचं काही नसे. पंधरवड्यात ती संपून जायची. एखादं पिंप थोडं बिघडलेलं निघालं तर गुत्तेवाला कुरकुरायचा, बस्स. आमच्या जुन्या एलचं, म्हणजे मुरवलेल्या कडक बिअरचं, तसं नव्हतं. जवाचा पहिला, घट्ट, मधासारखा रस फक्त तिच्यासाठी. उरलेल्या चोथ्यात पुन्हा पाणी घालून हलकी बिअर व्हायची. ही मात्र ओकच्या पिंपात भरून वर्षभर, कधी त्याहून जास्त, तळघरात झोपवून ठेवायची. काळसर तांबडी, जड, आणि कडक तर अशी की ती छोट्या बाटलीतच विकत. मोठी बाटली पिऊन घरी नीट चालत गेलेला माणूस ॲलोआत कोणी पाहिला नाही. वर्षभर झोपायचं तर अंथरूण स्वच्छ हवं, असं वॉटी म्हणे. बिघडलेल्या पिंपात ती भरली तर चूकही तिच्याबरोबर वर्षभर झोपून राहते आणि जाग आल्यावरच कळते.

अशा माणसाचं नाक गेलं. त्या हिवाळ्यात गावभर तापाची साथ होती, वॉटीही आठवडाभर झोपून होता. उठला, कामावर जाऊ लागला, सगळं ठीक. मग एका संध्याकाळी मी शेजारणीशी बोलत दारात उभी राहिले आणि चुलीवरचं दूध उतू जाऊन करपलं. घरभर दुर्गंधी, आणि हा पठ्ठ्या चुलीशेजारी पेपर वाचत बसलेला. मी तोंडाचा पट्टा सोडला. माझ्याकडे, मग दुधाकडे त्यानं पाहिलं. उठून पातेल्यात नाक घातलं. मग खारवलेल्या माशांपाशी गेला, कोळशाच्या बादलीपाशी गेला, शेवटी माझ्या केसांत नाक खुपसलं. आणि खाली बसला.

"काही नाही गं, बेथी," तो म्हणाला. "काहीच येत नाही."

डॉक्टर म्हणाले, येईल परत, नाहीतर नाही येणार. ते आम्हालाही कळत होतं.

बुचांची कल्पना माझी. उगाच त्याच्यावर ढकलत नाही. पिंपाचं बूच पिंपाच्याच वासात मुरलेलं असतं. तो प्रत्येकावर खडूनं पिंपाचा नंबर टाकून एप्रनमधून बाहेर आणी आणि दुपारच्या जेवणात मी ती निवडून देई. मला काही मोठं नाक नाही. पण दूध फाटलंय की नाही, कपाटात बुरशी धरलीय की नाही, हे कुठल्या बाईला कळत नाही? आत जाऊन थेट पिंपंच हुंगली असती, पण पिंपांच्या आवारात बाईला बंदी होती. बाईची सावली पडली की एल आंबते म्हणे. यांच्या आज्या-पणज्यांनी घरोघरी एल बनवून यांच्या बापजाद्यांना वाढवलं, ते विसरले मेले.

नाक गेल्याचं कळलं असतं तर वॉटीच्या हातात झाडू आला असता. उपाशी मेलो नसतो. पण वॉटी नाकासमोर चालणारा माणूस, गर्वाचा वाराही नसलेला, आणि त्याच्याजवळ आयुष्यात मिरवण्यासारखं हे एकच होतं. तो पिंपाशी वाकला की आवारातली माणसं बोलणं थांबवत. मला ते माहीत होतं म्हणून मी बुचं हुंगत होते.

नेमका त्याच सुमाराला राजा वारला. नवी राणी आली आणि आमचे मुख्य ब्रुअर गिलख्रिस्ट साहेब म्हणाले की पुढच्या वर्षी राज्याभिषेकाला ॲलोआची अशी जुनी एल निघेल की लोक नातवंडांना सांगतील. वसंतात ती उकळली, थंडाव्यात सावकाश आंबवली आणि पिंपं भरायला घेतली. सगळं गाव त्या एलबद्दल बोलत होतं. आम्ही दोघं सोडून.

भरण्याच्या शेवटच्या दिवशी वॉटीनं नेहमीसारखी बुचं आणली. त्यांत एक नवं कोरं निघालं. जुनं कुठंतरी हरवलं असणार आणि कोणीतरी ताजं ठोकून दिलं असणार. मी ते दोनदा हुंगलं.

"हे काही बोलत नाही रे," मी म्हटलं. "नुसतं सुताराच्या दुकानासारखं येतंय. पिंपाचं काहीच सांगत नाही."

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"म्हणजे मला ठाऊक नाही. ते पिंप बाजूला ठेव."

तो हो म्हणाला. मग भोंगा झाला आणि तो आत गेला. संध्याकाळी घरी आला तोच पांढरा पडून. ते पिंप रांगेत सगळ्यांत पुढे होतं, डॉड शेजारी उभा होता, गिलख्रिस्ट साहेब स्वतः आलेले होते. साहेबांनी विचारलं, काय पर्व्हिस? वॉटी सवयीनं वाकला, सवयीनं लांब श्वास घेतला आणि मान होय म्हणून हलली. तोंडानं काही सांगायच्या आधी पिंप भरून टाकलं होतं.

ते वर्ष कसं गेलं ते आमचं आम्हाला माहीत. काही ना काही निमित्त काढून तो तळघरात जाई आणि त्या पिंपावर हात ठेवून येई. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मी समजूत घालायची, अरे, बहुतेक पिंपं चांगलीच असतात. तो म्हणे, बहुतेक म्हणजे सगळी नव्हेत. गिलख्रिस्ट साहेब मधूनमधून एल चाखत, पण शितावरून भाताची परीक्षा; एक-दोन पिंपं बघायची आणि खूश होऊन वर यायचं. आणि बाटल्यांत भरण्याआधी सगळी पिंपं एकाच मोठ्या टाकीत ओतायची होती. एका नासक्या बटाट्यानं अख्खं पोतं जातं. त्याच्या एका मान हलवण्यानं राणीची सगळी एल, सगळ्यांची वर्षभराची मेहनत गटारात जाणार होती. किंवा नव्हती. कोणाला माहीत?

टाकीत ओतायची वेळ आली त्याच्या आदल्या रविवारी चर्चमधून परतताना नदीकाठी तो थांबला. पाण्याकडे बघत म्हणाला, उद्या साहेबांना सांगतो.

मी भडकलेच. वर्षभर जीव मुठीत धरून राहिलो ते कशासाठी? आणि ते पिंप चांगलं निघालं तर?

"निघालं तर निघालं," वॉटी म्हणाला. "पण मला ठाऊक नव्हतं आणि मी होय म्हटलं, बेथी. तेवढं मला परत घ्यायचंय."

घरी पोचेपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. पोचल्यावर त्याचा चांगला शर्ट काढला आणि इस्त्री करायला घेतली. दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी मीही त्याच्याबरोबर गेले. फाटकावरचा माणूस काहीतरी म्हणाला, मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. गिलख्रिस्ट साहेब टेबलाशी होते, डॉड टाकीचं काहीतरी विचारायला आलेला होता. टोपी हातात धरून वॉटीनं सगळं सांगितलं. ताप, नाक, ते पिंप. काही लपवलं नाही, फक्त माझं नाव घेतलं नाही. साहेबांनी हातातले कागद बाजूला सारले. मग विचारलं, मग बाकीची पिंपं कोणी पाहिली?

वॉटी खाली बघू लागला. मी मनात म्हटलं, आता लाजून काय उपयोग?

"मी," मी म्हटलं.

"तू?" डॉडचे डोळेच मोठे झाले. "बाईनं?"

"सावली बाहेरच ठेवली होती. फक्त नाक आत आलं."

साहेब हसले की खोकले ते मला अजून कळलेलं नाही. ते उठले, आम्ही सगळे त्यांच्यामागून तळघरात उतरलो. सावलीबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. आत गारवा होता आणि पिंपांच्या रांगा भिंतीपर्यंत गेलेल्या होत्या. वॉटी न बघता त्या एका पिंपापाशी जाऊन उभा राहिला. साहेबांनी झाकणाला बारीक भोक पाडलं, एलची काळी धार पेल्यात घेतली, भोकात लाकडाची खुंटी ठोकली आणि सवयीनं पेला वॉटीपुढे केला.

वॉटीनंही सवयीनं तो घेतला. नाकाखाली धरला, डोळे मिटले. मग उघडले आणि पेला माझ्या हातात दिला.

देवाशपथ सांगते, त्या क्षणी मला वाटलं, नासलेली निघू दे. निदान याचं सांगणं फुकट जाणार नाही. मी नाक खाली नेलं. आणि काय सांगू? इतके महिने मी नुसती ओली लाकडं हुंगत होते. त्यांत पुढे काय भरणार आहेत याची मला कल्पनाच नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी पेला साहेबांकडे दिला.

साहेबांनी एक घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. मग म्हणाले, मी चाखलेल्यांत सगळ्यांत उत्तम पिंप हेच आहे.

"अरे गाढवा," डॉड म्हणाला. "गप्प बसला असतास तर कोणाच्या बापाला कळलं नसतं."

"गप्प बसूनच वर्ष काढलं की," वॉटी म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "चांगली आहे ना?"

"चांगली आहे," मी म्हटलं.

"मग झालं." आणि तो हसला, त्या वर्षात पहिल्यांदा.

नाकाचं काम दुसऱ्याकडे गेलं आणि वॉटीला आवाराचा झाडू मिळाला. साहेब मुळीच रागावले नाहीत. नाकाशिवायचं नाक मी कसं ठेवू, एवढंच म्हणाले, आणि वॉटीलाही ते पटलं. मला पटलं नाही. पुढे कित्येक महिने मी चर्चमध्ये साहेबांच्या बायकोकडे पाठ करून बसत होते. आवारात मात्र वॉटी झाडत आला की माणसं बोलणं थांबवत. आधी थांबवत तशीच.

राज्याभिषेकाच्या दिवशी पाऊस होता. सगळी गल्ली कोपऱ्यावरच्या घरात टेलिव्हिजनपुढे दाटीवाटीनं बसली होती. आम्ही मुकुट डोक्यावर चढेपर्यंत थांबलो आणि घरी आलो. ब्रुअरीनं प्रत्येकाला त्या एलच्या छोट्या बाटल्या दिल्या होत्या. वॉटीनं एक उघडली, दोन पेल्यांत निम्मी निम्मी ओतली आणि घोट घेतला.

"गोड आहे," तो म्हणाला. "जड आहे. पुढचं तू सांग."

"मी काय सांगू?"

"जे येतं ते. घाई करू नकोस."

मग मी सांगितलं. आधी काकवीची टॉफी, कढईच्या तळाला जराशी लागलेली. त्याच्यामागून मनुका, नववर्षाच्या काळ्या केकचा डबा उघडल्यावर येतात तशा. मग संत्र्याची वाळलेली साल. आणि घोट गिळून झाल्यावर, सगळं गेल्यावर, लाकूड. चर्चमधल्या जुन्या बाकाचं, खिडकीतून ऊन पडून तापलेलं. वॉटी डोळे मिटून एकेका नावाला एकेक घोट घेत होता. असं सुख मी त्याच्या चेहऱ्यावर आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं, आणि हे मी त्याला तोंडावर सांगितलंसुद्धा.

तेव्हापासून दर शनिवारी एक छोटी बाटली आणि दोन पेले. गोड आहे, जड आहे, पुढचं तू सांग. आमची भांडणं झाली तरी शनिवार चुकला नाही. तोंड फुगवून का होईना, मी टॉफी म्हणायची, मनुका म्हणायची, आणि लाकडापर्यंत पोचेपर्यंत भांडण कशावरून होतं तेच आठवत नसे.

मग ते दिवस गेले. डॉड वारला, गिलख्रिस्ट साहेब निवृत्त झाले, ब्रुअरी एका बड्या कंपनीनं घेतली. वर्षभर बिअर झोपवून ठेवणं नव्या मालकांना परवडेना. चकचकीत धातूची पिंपं आली. ओकची पिंपं फोडून आवारात जाळली. कितीतरी दिवस गावभर गोड धूर होता आणि लोक दारात उभे राहून म्हणत, काय वास सुटलाय. वॉटीचं ते नोकरीचं शेवटचं वर्ष. ती राख त्यानंच झाडली. एक पोतंभर फळ्या घरीही आणल्या, त्या आम्ही हिवाळ्यात शेगडीत घातल्या.

छोटी बाटली मात्र दुकानात येत राहिली, वरचं लेबलही तेच. नवीन आलेली पहिली बाटली मी उघडली आणि नाकाशी नेली. साखरेचं पाणी आणि जरासा कडवटपणा. बाकी काही नाही. ना मनुका, ना काही. मला इतका राग आला की बाटली मोरीत रिकामी करणार होते. वळून पाहिलं तर वॉटी खुर्चीत डोळे मिटून वाट बघत बसलेला.

"गोड आहे," घोट घेऊन तो म्हणाला. "पुढचं तू सांग."

मी सांगितलं. टॉफी, मनुका, संत्र्याची साल, लाकूड. एकही कमी केलं नाही. म्हटलं, याचं नाक गेलं, कामही गेलं. आता ही एलही गेली हे याला कशाला कळू द्यायचं? त्यानंतर दर शनिवारी मी तसंच सांगत आले. किती वर्षं, ते मोजलं नाही. मला वाटायचं, काय पण बेमालूम जमलंय आपल्याला.

शेवटच्या हिवाळ्यात तो अंथरुणालाच खिळला होता. छातीत कफ, बोलणं कमी. शनिवार आला, मी बाटली उघडली, त्याला उशीला टेकवून बसवलं, पेला ओठांना लावला. गोड आहे, तो म्हणाला. माझं लक्ष ठिकाणावर नव्हतं. कोळसा संपत आला होता, चादरी वाळल्या नव्हत्या, डॉक्टर अजून यायचे होते. मी घाईघाईनं म्हटलं, टॉफी, मनुका, संत्र्याची साल, आणि पेला उचलून उठले.

त्यानं माझं मनगट धरलं. हातात जोर उरला नव्हता, पण धरलं.

"लाकूड राहिलं," तो म्हणाला.

मी तशीच उभी राहिले. ओकचं शेवटचं पिंप जळताना हा माणूस तिथं उभा होता. ती राख यानंच झाडली होती. त्यानंतरच्या कुठल्याही बाटलीत लाकूड येणार कुठून? आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं की 'जड आहे' म्हणायचं त्यानं कितीतरी वर्षांपूर्वी सोडून दिलं होतं. नाक गेलं होतं. जीभ नव्हती गेली.

मी परत खाटेवर बसले.

"हो रे," मी म्हटलं. "लाकूड आहे. चर्चमधल्या बाकाचं. ऊन पडलंय त्याच्यावर."

त्यानं डोळे मिटले आणि पेल्यात राहिलेला घोट सावकाश घेतला.

"चांगली आहे," वॉटी म्हणाला.